हजार खुर्च्या आहेत, एक रिकामी खोली द्या

पुण्यातल्या पेठेतली एक खोली. भिंतीला टेकून मांडलेल्या पन्नास-साठ खुर्च्या, त्यांच्या पुढे दोन सतरंज्या. मी सतरंजीवर होतो. घंटा वाजली नाही, आणि पडदा तर नव्हताच. एक नटी आली, माझ्यापासून हातभर अंतरावर पाटावर बसली आणि लसणाचा गड्डा फोडून पाकळ्या सोलायला लागली. बराच वेळ ती काही बोललीच नाही. पाकळीचं टोक नखाने मोडायचं, साल ओढायची, पाकळी वाटीत टाकायची. वास खोलीभर पसरला. टरफलं पंख्याच्या वाऱ्याने उडत होती, त्यातलं एक माझ्या पावलावर येऊन बसलं. मला पाय हलवता येईना. हलवला तर त्या बाईच्या घरात आपण काहीतरी बिघडवू असं वाटायला लागलं. मग मान वर न करता तिने विचारलं, "आले का ते?" विचारलं आत कुणाला तरी होतं, पण आमच्यातल्या तीन-चार जणांनी चटकन दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

पुढे तेच नाटक मी एका मोठ्या नाट्यगृहात चौदाव्या रांगेतून पाहिलं. नटी तीच, लसूणही तोच. हात हलताना दिसत होते, पण ती काय सोलते आहे ते कळत नव्हतं, म्हणून तिच्या तोंडी लसणाबद्दलचं एक वाक्य घातलं होतं. "आले का ते?" या प्रश्नाला कुणाचीही मान वळली नाही. प्रयोग चांगला झाला, टाळ्या भरपूर पडल्या. पण मला सारखं वाटत होतं की मागच्या वेळी मी त्या घरात बसलो होतो आणि आज त्या घराची हकिगत ऐकतो आहे.

एवढ्या छोट्या अनुभवावरून मी एक मोठी मागणी करणार आहे. आपल्या शहरांत नाटकासाठी जागा मागितली जाते तेव्हा कसली जागा मागितली जाते, हा माझा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं तेव्हा अख्खं शहर हळहळलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर ते हेच, त्यामुळे ती हळहळ खरीच होती. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचं की आहे तेच नीट राखायचं, हा वाद कितीतरी वर्षं चालू आहे. बाकी ठिकाणी एसी बंद, स्वच्छतागृहांना दुर्गंधी, मेकअपरूममध्ये डास. कलाकार तक्रार करतात, फोटो छापून येतात, आश्वासनं मिळतात. या सगळ्या तक्रारी रास्त आहेत आणि मी त्यांच्याच बाजूने आहे. पण वाद कुठलाही असो, 'नाटकाची जागा' म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: उंच रंगमंच, त्याला कमान, समोर एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या आठशे-हजार खुर्च्या. जिथे खुर्च्या हलवता येतील, जिथे आज प्रेक्षक मधोमध आणि नट भोवती तर उद्या उलट, अशी साधी रिकामी खोली मागायचं कुणाला सुचत नाही. सुचलं तरी ती मागणी हौशी पोरांची समजून बाजूला पडते.

कमानीचा रंगमंच ही आपल्याकडे काही अनादि काळापासून आलेली गोष्ट नाही. कोकणातल्या देवळापुढे दशावतार पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जत्रेची रात्र, मांडवात एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग, झांज. ते बाकडंच राजाचं सिंहासन होतं आणि तेच रानातला खडक. काळा संकासुर येतो तो थेट लोकांत घुसतो. पोरं किंचाळत आईच्या मागे लपतात, म्हातारे त्याला मालवणीत उलट उत्तरं देतात, त्या उत्तरावर तो तिथल्या तिथे पुढचं वाक्य रचतो. संवाद कुठे लिहिलेले नसतात. म्हणजे समोर बसलेला माणूस त्या रात्रीच्या नाटकाचा थोडासा लेखक असतो. कीर्तनकार 'बोला पुंडलीक वरदा' म्हणतो तेव्हा उत्तर समोरूनच यावं लागतं, नाहीतर कीर्तन पुढे सरकत नाही. तमाशातला सोंगाड्याही फडापुढच्या माणसांशी बोलतच उभा असतो. नाशिक-पालघरकडच्या बोहाड्यात तर देवादिकांची सोंगं मुखवटे घालून गावाच्या रस्त्यानेच निघतात आणि अख्खं गाव दुतर्फा उभं असतं. आपल्या लोकांना नटाच्या जवळ बसता येत नाही, लाजतात, बावरतात, असं कुणी म्हणालं की मला ही सगळी माणसं आठवतात. बावरायला आपण नंतर शिकलो, नाट्यगृहाच्या अंधारात.

पण मला जुनं ते सोनं म्हणायचं नाही. दशावताराची खोली आज मागून उपयोगही नाही, कारण तिथे नट आणि प्रेक्षक एकाच देवळाचे, एकाच गावऱ्हाटीतले, म्हणजे गावाच्या देव-मानपानाच्या एकाच व्यवस्थेतले असतात, त्यांच्यातला संबंध नाटकाआधीच ठरलेला असतो. शहरातल्या खोलीत साठ अनोळखी माणसं येतात. त्यांचा एकमेकांशी आणि नटांशी काय संबंध, हे त्या दोन तासांत नाटकालाच ठरवावं लागतं. हे काम अवघड आहे, आणि आपल्याकडे ते झालेलं आहे.

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर छबिलदास शाळा आहे. खाली गल्लीत बटाटेवड्याचा घमघमाट, दिवसभर वर्ग, आणि एके काळी संध्याकाळनंतर वरच्या हॉलमध्ये नाटक. १९७४ पासून 'आविष्कार' या संस्थेने, म्हणजे अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या साथीदारांनी, तिथे प्रयोग करायला सुरुवात केली. स्वतःची नाटकं केलीच, शिवाय दुसऱ्या संस्थांनाही जागा खुली करून दिली. पुढची जवळपास दीड-दोन दशकं मराठीत जे जे नवं म्हणून घडलं, त्यातलं बरंच त्या हॉलमधून गेलं. आज आपण 'छबिलदास चळवळ' असा शब्द वापरतो. कुठल्या नाटककाराच्या, जाहीरनाम्याच्या किंवा वादाच्या नावाने ती चळवळ ओळखली जात नाही. ती एका शाळेच्या हॉलच्या नावाने ओळखली जाते. मला ही फार बोलकी गोष्ट वाटते. तो हॉल नाटकासाठी बांधलेलाच नव्हता, म्हणून तिथे प्रेक्षकाने कुठे बसायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. प्रत्येक दिग्दर्शकाला तो निर्णय नव्याने घ्यावा लागे, आणि तो निर्णय घेताना 'हे लोक माझ्या नाटकात कोण आहेत?' असं स्वतःला विचारावंच लागे. कमानीच्या नाट्यगृहात हा प्रश्न पडत नाही, कारण वास्तुविशारदाने तो आधीच सोडवून ठेवलेला असतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे बंगाली नाटककार-दिग्दर्शक बादल सरकार. एकाच दिशेला वळलेल्या खुर्च्यांतून बाहेर पडायचा मार्ग कोलकात्यातल्या या माणसाने शोधला, आणि तो पेशाने नगररचनाकार होता. रस्ते कसे आखायचे, माणसं कुठून कशी जातील, हा त्यांचा रोजचा विषय. सत्तरच्या दशकात त्यांनी आपल्या 'शताब्दी' संस्थेसह कमानीचं नाट्यगृह सोडलं. एखाद्या खोलीत किंवा उघड्यावर, सेट नाही, दिव्यांचा झगमगाट नाही, तिकिटाची सक्ती नाही. त्याला ते तिसरी रंगभूमी म्हणत. १९७४ च्या 'मिछिल'मध्ये त्यांनी प्रेक्षकांची बाकडी अशी मांडली की त्यांच्या मधून वळणावळणाचा रस्ता तयार व्हावा. त्या रस्त्यावरून मिरवणुका जातात: देवाच्या, मोर्चाच्या, अन्नाच्या, निवडणुकीच्या. त्यात खोका नावाचा एक मुलगा रोज मारला जातो आणि अधिकारी सांगत राहतो की काही झालेलं नाही, कुणी मेलेलं नाही, घरी जा. हे तो जमावातल्या नटांना सांगतो, तेच तुम्हालाही. तुम्ही बाकड्यावर बसलेले असता, तुमच्या गुडघ्याला घासून नट गेलेला असतो, आणि खोका पडला ते तुम्ही पाहिलेलं असतं. 'घरी जा' हे वाक्य मग तुम्हाला उद्देशून होतं. हेच नाटक अमोल पालेकरांनी 'जुलूस' नावाने मराठीत आणलं. सगळी मिरवणूक समोरच्या मंचावर उजवीकडून डावीकडे गेली असती तर तुम्ही फुटपाथवरचे बघे झाला असता. इथे तुम्ही रस्त्यातच बसलेले आहात. शेवटी नट हात पुढे करून माणसांच्या खऱ्या मिरवणुकीत बोलावतात तेव्हा उठायचं की बसून राहायचं, हे ठरवावं लागतं. बसून राहणं हाही मग निर्णयच असतो आणि तो शेजाऱ्याला दिसतो.

माझ्या म्हणण्याचा गाभा हा आहे. नट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर फुटांत मोजून भागत नाही. प्रेक्षकाला त्या जागेत काहीतरी नातं, काहीतरी काम मिळालं पाहिजे. पोलंडमध्ये दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीने साठच्या दशकात हे फार काटेकोरपणे करून दाखवलं. एका नाटकात त्याने प्रेक्षकांना वेड्यांच्या इस्पितळातल्या पलंगांवर बसवलं, म्हणजे तेही रुग्ण. १९६३ च्या 'फॉस्टस'मध्ये लांबलचक टेबलांभोवती बसवलं. सैतानाला आत्मा विकलेल्या फॉस्टसच्या शेवटच्या जेवणाचे ते पाहुणे, आणि नट त्यांच्यासमोर त्याच टेबलांवर. दोन वर्षांनी 'कॉन्स्टंट प्रिन्स'मध्ये मात्र त्याने प्रेक्षकांना उंच फळ्यांच्या कुंपणामागे ठेवलं, तिथून वाकून खाली एका माणसाचा छळ पाहायचा. इथे मुद्दाम लांब ठेवलं, कारण त्या नाटकात प्रेक्षक हा चोरून पाहणारा होता. जवळ घ्यायचं की लांब ठेवायचं हे नाटकाने ठरवलं आणि मग सुतार बोलावला. आपल्याकडे सुतार आधी येऊन गेलेला असतो.

मग कमानीत काही घडतच नाही का? घडतं, आणि ते नाकारणं खोटेपणाचं होईल. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' झालं ते कमानीच्या रंगमंचावरच. जब्बार पटेलांनी उभी केलेली ब्राह्मणांची ती रांग, ती गाणारी-डोलणारी माणसांची भिंत, आठवा. ती पाठ फिरवते तेव्हा मागे काय चाललं आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि तुमच्यापासून ते कोण लपवतं आहे ते मात्र स्पष्ट दिसतं. बघणाऱ्याची आणि लपवणाऱ्यांची अशी गाठ घालून देणारं दुसरं दृश्य मराठीत मला पटकन आठवत नाही. पण ते साधायला तेंडुलकरांचं लिखाण, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचाली आणि एवढी मोठी टोळी लागली. ज्या चार पोरांकडे एक संहिता आणि दोन हॅलोजन आहेत, त्यांना कमानीशी असं झुंजता येत नाही. हजार खुर्च्यांपैकी नऊशेवीस रिकाम्या असलेल्या अंधाराकडे तोंड करून त्यांना बोलावं लागतं, आणि दोन प्रयोगांत त्यांचा जीव जातो. त्यांचं नाटक वाईट होतं म्हणून नव्हे. ऐंशी माणसांसाठी केलेलं नाटक त्यांनी हजारांच्या जागेत नेलं म्हणून.

एक आक्षेप मी फार गंभीरपणे घेतो. प्रेक्षकाला खुर्चीतून उठवलं, खोल्याखोल्यांतून फिरवलं की नातं बदललं, असं समजून आज जगभर खूप नाटकं होतात. न्यूयॉर्कला 'स्लीप नो मोअर' २०११ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललं. अनेक मजली इमारत, शेकडो प्रेक्षक, प्रत्येकाच्या तोंडावर पांढरा मुखवटा. कुठेही जा, कुठलाही ड्रॉवर उघडा, हव्या त्या नटाच्या मागे धावा. मांडणीचं कौशल्य अफाटच होतं. पण काही प्रेक्षकांनी नटनट्यांच्या अंगाला हात लावले, हे तिथल्या कलाकारांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, चीड मात्र आली. मुखवटा घातलेल्या माणसाला सगळीकडे जायची मोकळीक दिली, त्याचा चेहरा काढून घेतला आणि तो कोण आहे हे त्याला सांगितलंच नाही. 'जुलूस'मध्ये शेजारचा मला पाहतो. त्या लसणाच्या खोलीत दिवे आमच्यावरही होते, समोरच्या भिंतीशी बसलेल्या बाईंचे डोळे मला दिसत होते, त्यांना माझे. पाय का हलवला नाही, याचं उत्तर त्यातही आहे. जवळीक देताना चेहरा काढून घेतला तर नट उघडा पडतो आणि प्रेक्षक बेजबाबदार होतो. नट हा कामावर आलेला माणूस आहे, त्याच्या अंगाची सुरक्षितता ही कलेच्या खाली येणारी बाब नाही. छोट्या खोलीत नाटक करणाऱ्या आपल्या संस्थांनीही हे तालमीतच ठरवून ठेवायला हवं: कोण किती जवळ जाणार, प्रेक्षकाने मर्यादा ओलांडली तर प्रयोग कोण थांबवणार.

दुसरा आक्षेप पैशांचा. ऐंशी तिकिटांत नटांचा चहाही सुटत नाही, तेव्हा अशा नाटकांचं कौतुक म्हणजे उपाशी पोराचं कौतुक, असं व्यावसायिक रंगभूमीवरचे लोक म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही. दौऱ्यावरची बस, नेपथ्याचा ट्रक, नटांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, जाहिरात, हे गणित हजार खुर्च्यांशिवाय बसत नाही आणि ती रंगभूमी जगलीच पाहिजे. मुंबईत पृथ्वी थिएटर १९७८ पासून उभं आहे, जेमतेम दोनशे खुर्च्या, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे. ही ठिकाणं माणसांच्या जिद्दीवर उभी राहिली. पण अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही दोन शहरांत. नांदेडच्या, सांगलीच्या, चंद्रपूरच्या पोरांनी काय करायचं? वर्षभर तालीम करायची ती राज्य नाट्य स्पर्धेच्या एका संध्याकाळसाठी, आणि तिथेही मंच कमानीचाच. म्हणून ती पोरं नाटक लिहितानाच कमानीसाठी लिहितात. प्रेक्षक समोर, अंधारात, गप्प बसलेला असणार हे गृहीत धरूनच पहिलं वाक्य कागदावर येतं. हे नुकसान हिशेबात कुठेच दिसत नाही.

परिनिरीक्षणाबद्दल दोनच वाक्यं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता सरकारी मंडळाकडून तपासून घ्यावी लागते, त्याला पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हानही दिलं. प्रेक्षकाच्या उत्तरावर ज्याचं पुढचं वाक्य ठरतं, त्या नाटकाची संहिता आधी कशी देणार, याचं उत्तर त्या पद्धतीत नाही, आणि मला ती पद्धतच नको आहे.

आता मागणी. नवी इमारत नको, भूखंड नको, कोनशिला नको. महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या शाळांना हॉल आहेत. छबिलदास हा शाळेचाच हॉल होता, आणि तिथून बाहेर पडावं लागल्यावर 'आविष्कार'ने आसरा घेतला तोही माहीमच्या महापालिका शाळेत. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही, करून झालेलं काम आहे. प्रत्येक वॉर्डात नको, प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक शाळा निवडा. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी सहा ते दहा तो हॉल नाटकवाल्यांना नाममात्र भाड्याने द्या. शाळेलाही त्यातून मिळेल: त्याच संस्थांनी महिन्यातून एक दिवस मुलांसोबत काम करायचं, अशी अट घाला. मुलांना खुर्चीत बसवून बालनाट्य दाखवण्यापेक्षा, गोल करून बसलेल्या चाळीस मुलांमध्ये एका नटाने येऊन एक प्रश्न विचारणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

आमच्या भागातल्या एका शाळेचा हॉल मी पावलांनी मोजून पाहिला. लांबी साधारण चाळीस पावलं, रुंदी पंचवीस. एका टोकाला दीड फुटाचा ओटा, त्यावर मोडक्या बाकड्यांची रास आणि गेल्या स्नेहसंमेलनाची पताका. सहा पंखे, त्यातले चार चालतात. खिडक्यांना पडदे लावावे लागतील, पंधरा अँपिअरचे दोन पॉइंट घ्यावे लागतील, ती बाकडी हलवावी लागतील, आणि कुलूप उघडायला-लावायला थांबणाऱ्या शिपायांना रात्रीचा भत्ता द्यावा लागेल. सध्या संध्याकाळी सहाला ते कुलूप लागतं आणि सकाळी साडेसहाला निघतं. मधले साडेबारा तास ती खोली रिकामी असते.